जीभ बाहेर काढलेलं तोंड

वडप्याला नाशिक हायवेच्या कडेला वडिलांचं पंक्चरचं दुकान होतं. शाळेतून आलो की मी पाण्यात दाबलेल्या ट्यूबचे बुडबुडे बघायचो, नाहीतर ट्रकांची तोंडं. बंपरखाली टांगलेला काळा राक्षस, सुळे बाहेर, लाल जीभ हनुवटीखाली लोंबणारी. शेजारी लिंबू-मिरची आणि फाटकी चप्पल. त्याच्याकडे पाठ करून बसायची माझी हिंमत नव्हती. वडील म्हणायचे, “तो आपल्याला नाय बघत. बघणाऱ्याला बघतो.”

पुढे आईबरोबर अंबरनाथच्या शिवमंदिरात गेलो, तर तिथंही तोच, दगडातला. देऊळ शके ९८२ चं, म्हणजे इ.स. १०६०. आईनं गोष्ट सांगितली. जालंधर दैत्याचा निरोप घेऊन राहू कैलासावर आला, पार्वती मागायला. शंकराच्या तिसऱ्या डोळ्यातून एक भुकेलं जनावर निघालं. राहू पाया पडून सुटला, पण याची भूक तशीच. महादेव म्हणाले, मग स्वतःलाच खा. त्यानं पायापासून सुरुवात केली आणि नुसतं तोंड उरलं. तेच कीर्तिमुख, देवाच्या दाराचा राखणदार. “पोटच नाही, तर आता खाल्लेलं जातं कुठं?” मी विचारलं. आईनं हातावर प्रसाद ठेवला.

असंच तोंड ग्रीकांच्या मेडुसाचं. ती मात्र मला देवळात नाही, पट्ट्यावर भेटली. मावसभावानं भिवंडीच्या बाजारातून आणलेल्या पट्ट्याच्या बक्कलवर मोकळ्या केसांची एक बाई होती. एका इटालियन कंपनीच्या शिक्क्याची नक्कल. ती कोण, हे कॉलेजच्या लायब्ररीत कळलं. हिच्या नजरेला नजर दिली की माणसाचा दगड. पर्सियसनं ढालीतल्या प्रतिबिंबात बघत तिचं मुंडकं उडवलं आणि अथेना देवीनं ते स्वतःच्या अंगावर, संरक्षणासाठी मिरवलं. बक्कलवरची बाई देखणी होती, पण ते देखणेपण मागाहून आलेलं. कॉर्फू बेटावर आर्टेमिसचं देऊळ होतं, इ.स.पू. ५८० च्या सुमाराचं. त्याच्या दर्शनी त्रिकोणातल्या मेडुसाचा फोटो बघितला आणि मी थेट वडिलांच्या दुकानात जाऊन बसलो. वटारलेले डोळे, फाकलेलं तोंड, बाहेर आलेली जीभ. ग्रीकांनी हे तोंड ढालींवर लावलं, नाण्यांवर ठोकलं, दारूच्या पेल्याच्या तळाशीसुद्धा रंगवलं. पेला संपवणाऱ्याला शेवटच्या घोटाला तेच दर्शन! हा विनोद त्या काळी किती जणांना झेपला असेल?

मग हे तोंड तिकडून इकडं आलं का? शंकेला जागा आहे. आमच्याच रस्त्यानं पुढं गेलं की नाशिकची पांडवलेणी, आणि तिथलं सतरावं लेणं कोरवून घेतलं ते इंद्राग्निदत्त नावाच्या योनकानं, म्हणजे यवनानं, ग्रीकानं. तरी मला ही उसनवारी पटत नाही. रात्री कसाऱ्याचा घाट उतरणाऱ्या ड्रायव्हरला भीती कुणाकडून उसनी आणावी लागत नाही.

वडिलांचं दुकान रस्तारुंदीत गेलं. आजूबाजूला सगळी गोडाऊनं. परवा एका अर्धवट बांधलेल्या गोडाऊनच्या परांचीला तेच तोंड टांगलेलं दिसलं, नवंकोरं, प्लास्टिकचं, अजून पिशवीतच. वाफ धरलेल्या पिशवीला आतून लाल जीभ चिकटली होती. वॉचमनला म्हटलं, “पिशवी तरी काढा की. त्याला दिसणार कसं?”

“राहू द्या साहेब,” तो म्हणाला, “पावसात रंग जातो.”