क्रम बिघडला आणि निष्कर्ष सुधारला

आमच्या शोधनिबंधातला सर्वांत देखणा आकडा माझ्या कोडमधल्या एका ओळीने तयार केला होता. रुग्णांच्या तोलाशी त्याचा फारसा संबंध नव्हता. निबंध पाठवण्याआधी हे कळलं, पण त्याचं श्रेय माझ्याकडे जात नाही.

मी मूळचा सॉर्टिंगवाला. पीएच.डी.ची बरीच वर्षं आकड्यांच्या याद्या क्रमाने लावण्यात घालवली. या विषयात एक सुख असतं, उत्तर बरोबर की चूक हे लगेच तपासता येतं. पुढचा आकडा मागच्यापेक्षा लहान नाही ना, एवढं बघितलं की झालं. निदान मला तसं वाटायचं. टोनी होअर यांच्या क्विकसॉर्टची माझी एक ‘सुधारित’ आवृत्ती मी फक्त यादृच्छिक आकड्यांवर पळवली आणि वेगाचे आलेख काढून मोकळा झालो. प्रत्यक्षातल्या याद्या बऱ्याचदा आधीच अर्ध्यामुर्ध्या लागलेल्या असतात. क्रमाने लागलेल्या यादीत पहिलाच आकडा विभाजक म्हणून घेतला तर क्विकसॉर्ट रडकुंडीला येतो, आकडे दुप्पट केले की वेळ चौपट. पहिल्या वर्षाच्या पोरांना शिकवतात ती गोष्ट. एका परीक्षकांनी नेमकं तेच विचारलं, मी घाईघाईने आलेख बदलले, विषय मिटला. सवय मात्र राहिली. स्वतः बनवलेल्या सोप्या उदाहरणावर कोड चालला की तो बरोबर, ही ती सवय.

तोलाच्या कामात मी शिरलो तो एका फिजिओथेरपिस्ट मॅडममुळे. पक्षाघातातून सावरणारे रुग्ण व्यायामाने किती सुधारतात, हे त्यांना बारकाईने मोजायचं होतं. त्यांच्याकडे तोल मोजायचं बर्ग स्केल होतंच. त्यात १४ कामं, प्रत्येकाला ० ते ४ गुण, एकूण ५६. मी आल्या आल्या त्या गुणांच्या बिनदिक्कत सरासऱ्या काढल्या. ० वरून १ वर येणं आणि ३ वरून ४ वर जाणं ही सारखी मजल नव्हे, हे त्यांनी मला दोनदा सांगितलं. दुसऱ्यांदा जरा आवाज चढवून.

पायाखालचा भार मोजणारी प्रयोगशाळेतली फोर्स प्लेट आम्हाला परवडणारी नव्हती. निंटेंडो कंपनीने २००७ साली व्हिडिओ गेमसाठी काढलेला वी बॅलन्स बोर्ड मात्र स्वस्तात मिळत होता. त्याच्या चार कोपऱ्यांत वजन मोजणारे चार सेन्सर असतात. रॉस क्लार्क आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१० मध्ये त्याची फोर्स प्लेटशी तुलना करून, उभ्या माणसाचा तोल मोजायला तो बऱ्यापैकी विश्वासार्ह आहे, असं दाखवलेलं होतं. माणूस त्यावर उभा राहिला की चार कोपऱ्यांतल्या भारावरून त्याचं दाबकेंद्र काढता येतं, म्हणजे पायाखालचा भार सरासरीने ज्या बिंदूवर पडतो तो बिंदू. आपण कितीही स्तब्ध उभे राहिलो तरी हा बिंदू सतत थोडा थोडा सरकत असतो, आणि डोळे मिटले की सहसा जास्त सरकतो. त्यावरून आम्ही दोन मापं काढत होतो. एक, बिंदू किती क्षेत्रफळात फिरला. दुसरं, फिरताना एकूण किती अंतर कापलं, म्हणजे मार्गाची लांबी.

आता ती ओळ. बोर्डाचे आकडे ब्लूटूथवरून संगणकात येत, सेकंदाला शंभराच्या आसपास. एखाद्या वेळी मागचा पुढे, पुढचा मागे आला तर काय घ्या, म्हणून खबरदारी घेत मी सगळी फाइल वेळेनुसार सॉर्ट केली. तशी गरज नव्हती, आकडे क्रमानेच येत होते. पण आमच्या रेकॉर्डिंगच्या पहिल्या प्रोग्रॅममध्ये वेळ नुसती सेकंदांत नोंदली जात होती. म्हणजे शंभरेक ओळींवर एकच वेळ. अशा बरोबरीच्या ओळी त्यांच्या मूळ क्रमाने ठेवायच्या की कशाही, हे सॉर्टिंगच्या पद्धतीवर ठरतं. पायथॉनची स्वतःची सॉर्ट, टिम पीटर्स यांनी २००२ मध्ये लिहिलेला टिमसॉर्ट, मूळ क्रम राखते. मी वापरलेली सॉर्ट नमपाय या पायथॉनच्या लायब्ररीतली, मुळात क्विकसॉर्टच्या कुळातली. वेगळं सांगितलं नाही तर ती असं कुठलंही वचन देत नाही, आणि तसं तिच्या माहितीपत्रात स्वच्छ लिहिलेलं आहे. सॉर्टिंगमध्ये डॉक्टरेट मिळवलेल्या माणसाने ते वाचलं नव्हतं.

तपासलं नव्हतं का? तपासलं होतं, दहा ओळींच्या फाइलवर. तिथे सगळं जागच्या जागी. अशी सॉर्ट छोट्या तुकड्यांसाठी आतल्या आत इन्सर्शन सॉर्टकडे वळते, आणि इन्सर्शन सॉर्ट मूळ क्रम राखते. माझं उदाहरण लहान होतं म्हणूनच ते पास झालं.

पुढची गंमत अशी की क्षेत्रफळाला क्रमाशी देणंघेणं नसतं. तेच बिंदू कसेही पिसले तरी त्यांचा पसारा तेवढाच राहतो. मार्गाची लांबी मात्र पूर्णपणे क्रमावर उभी असते. पिसलेल्या बिंदूंमधून रेषा ओढली की ती कित्येक पट वाढते. रुग्णांची रेकॉर्डिंग जुन्या प्रोग्रॅमवर झाली होती. तुलनेसाठी घेतलेल्या निरोगी माणसांची नंतर झाली, तोवर आम्ही मिलिसेकंद नोंदवू लागलो होतो. त्यामुळे क्षेत्रफळात दोन्ही गटांत बेताचा फरक आणि मार्गाच्या लांबीत प्रचंड. मला शंका यायला हवी होती. मी उलट निबंधात एक लांबलचक परिच्छेद लिहिला, की मार्गाची लांबी हे माप अधिक संवेदनशील असून मेंदूच्या सूक्ष्म दुरुस्त्या टिपतं. तो परिच्छेद मला फार आवडला होता.

मॅडमनी तक्ता बघितला आणि एका ओळीवर बोट ठेवलं. “सर, हे काका बसने येतात, एकटे. तुमच्या आकड्यावरून तर ते उभेच राहू शकणार नाहीत.”

“डोळ्यांना दिसत नाही ते यंत्राला दिसतं,” असं मी त्यांना म्हणालो. आज लिहितानाही लाज वाटते.

त्या वाद घालत बसल्या नाहीत. काकांचा मार्ग कागदावर काढून द्या, एवढंच म्हणाल्या. तोवर मी एकाही रुग्णाचा मार्ग काढून बघितला नव्हता, सगळं काम आकड्यांवरच चाललेलं. कागदावर आला तो नुसता गिरगोटा. एका क्षणी बिंदू टाचेकडे, पुढच्या क्षणी चवड्याकडे, पुन्हा टाचेकडे. माणसाचं शरीर इतक्या वेगाने हलूच शकत नाही. कारण सापडायला मग फार वेळ लागला नाही.

टिमसॉर्टमध्येही एक खोट इतकी वर्षं दडून होती आणि ती २०१५ मध्ये सापडली, तो निर्दोष आहे हे गणिताने सिद्ध करायचा प्रयत्न चालू असताना. मी हे उदाहरण काही दिवस स्वतःच्या समाधानासाठी सांगत असे. पण ती खोट खरोखर खोल होती, माझी तशी नव्हती.

सॉर्टची ओळ काढून टाकल्यावर दोन गटांतला फरक उरला, पण साधा. तो परिच्छेद गेला. मग उरलेला कोडही नीट वाचला, तर आणखी एक घोळ निघाला. ज्या चाचणीत रुग्णाने कठडा धरला ती मी ‘सदोष’ म्हणून वगळत होतो. म्हणजे व्यायामाआधी जे उभेच राहू शकत नव्हते ते हिशेबात नव्हते. व्यायामानंतर ते उभे राहू लागले, डगमगत का होईना, आणि गटाची सरासरी बिघडली. मॅडमच्या मेहनतीने रुग्ण बिघडले, असा अर्थ निघत होता. कठडा न धरता उभं राहता येणं हीच खरी सुधारणा, ती मी गाळून टाकली होती. आता आम्ही ती वेगळ्या रकान्यात मोजतो.

तुमच्याकडे अशा बोर्डाच्या जुन्या फाइली असतील आणि त्यात वेळ नुसती सेकंदांत असेल, तर मार्गाच्या लांबीचे छापलेले आकडे एकदा पुन्हा काढा. मूळ फाइलला हात लावू नका, प्रत्येक ओळीला येतानाच अनुक्रमांक द्या, आणि तक्ता करण्याआधी निदान चार-पाच रुग्णांचे मार्ग कागदावर काढून त्यांच्या फिजिओथेरपिस्टला दाखवा.