पिचरच्या टाचेकडे बघा

१९७४ साली ओकलंड अ‍ॅथलेटिक्स या बेसबॉल संघाने हर्ब वॉशिंग्टन या धावपटूला संघात घेतलं. कमी अंतराच्या शर्यतींत त्याचा हात धरणारे जगात मोजके होते. त्याने बॅट हातात धरायचीच नव्हती. दुसऱ्याच्या जागी बेसवर उभं राहायचं आणि पुढचा बेस चोरायचा, एवढंच त्याचं काम. दोन मोसमांत मिळून त्याने ३१ बेस चोरले आणि १७ वेळा तो पकडला गेला. १९७४च्याच वर्ल्ड सिरीजमध्ये, एका धावेने मागे असताना, नवव्या इनिंगमध्ये डॉजर्सचा पिचर माइक मार्शल याने त्याला पहिल्या बेसवरच टिपलं. एवढा वेगवान माणूस, आणि निघण्याआधीच बाद.

बेसरनिंग शिकवायला उभा राहिलो की मी याच माणसापासून सुरुवात करतो. माझ्याकडे येणारी बरीच मुलं-मुली खो-खोत तयार झालेली असतात. पाय त्यांचे तयारच असतात, नजर तयार करावी लागते.

हिशेब साधा आहे. दोन बेसमधलं अंतर ९० फूट. धावणारा पहिल्या बेसपासून साधारण १२ फूट पुढे सरकून उभा राहतो. याला लीड म्हणतात. पिचरने हालचाल सुरू केल्यापासून चेंडू कॅचरच्या हातात पडेपर्यंत सुमारे १.३ सेकंद जातात. कॅचरने तो दुसऱ्या बेसवर पोचवायला आणखी दोन सेकंद. म्हणजे धावणाऱ्याच्या हाती जेमतेम ३.३ सेकंद, आणि उरलेले ७८ फूट कापायलाही चांगल्या खेळाडूला जवळपास तेवढेच लागतात. इथे पाय थोडे जास्त वेगाने टाकून फार फरक पडत नाही. दशांश सेकंद आधी निघालात तर पडतो. म्हणून माझं ठाम मत आहे की बेस पिचरकडून चोरला जातो. कॅचरच्या वाट्याला फक्त त्याची शिक्षा येते.

पिचरचं काय बघायचं? उजव्या हाताचा पिचर असेल तर त्याच्या टाचा. पहिल्या बेसकडे फेकायचं तर त्याला मागचा, म्हणजे उजवा पाय आधी हलवावा लागतो. डावी टाच आधी उचलली गेली की तो बांधला गेला, आता चेंडू फलंदाजाकडेच जाणार. त्या क्षणी निघायचं. खांदे, डोळे, चेहरा यांनी तो हवी तेवढी हुलकावणी देईल, पण टाचेने खोटं बोलणं फार अवघड. डावखुरा पिचर पहिल्या बेसकडे तोंड करूनच उभा असतो, त्यामुळे तो जास्त छळतो. त्याचा पुढचा पाय पिचिंगच्या पट्टीच्या मागच्या कडेपलीकडे गेला की मात्र नियमाने त्याला पहिल्या बेसकडे फेकता येत नाही. लू ब्रॉक तर ८ मिलिमीटरचा कॅमेरा घेऊन पिचरांचं चित्रीकरण करायचा आणि त्यांच्या सवयी पाठ करायचा. १९७४ साली त्याने ११८ बेस चोरले. पुढे १९८२ मध्ये रिकी हेंडरसनने १३० चोरले, आणि कारकिर्दीत १,४०६. त्या आकड्याच्या जवळपासही कुणी नाही.

पिचरने बेसकडे फेकून धावणाऱ्याला टिपणं हा इथे रोजचा व्यवहार आहे, त्याचं कुणाला वाईट वाटत नाही. क्रिकेटमध्ये मात्र १९४७ साली सिडनीत विनू मांकड यांनी चेंडू टाकण्याआधीच क्रीज सोडणाऱ्या बिल ब्राउनला धावबाद केलं, त्याचा वाद क्रिकेट कित्येक दशकं चघळत राहिलं. मला त्यात मांकडांचंच बरोबर वाटत आलं आहे.

१७ ऑक्टोबर २००४ची रात्र या विद्येची परीक्षा म्हणून अभ्यासावी. बॉस्टनचं फेनवे पार्क. रेड सॉक्स यांकीजविरुद्ध मालिकेत ०-३ असे मागे, सामन्यात ३-४ असे मागे, नववी इनिंग, आणि समोर यांकीजचा पिचर मारियानो रिव्हेरा. केव्हिन मिलार वॉकवर पहिल्या बेसवर गेला आणि त्याच्या जागी डेव्ह रॉबर्ट्स उतरला. तो चोरी करणार हे अख्ख्या मैदानाला ठाऊक होतं. रिव्हेराने एकदा, दोनदा, तीनदा पहिल्या बेसकडे फेकलं. गारठ्यात बसून राहिलेल्या रॉबर्ट्सचं अंग आणि मन या तीन फेकींनीच मोकळं केलं, हे त्यानेच नंतर सांगितलं. चौथ्यांदा चेंडू होम प्लेटकडे गेला आणि रॉबर्ट्स निघाला. कॅचर पोसादाची फेक उत्तम होती. दुसऱ्या बेसवर जीटरचा हात खाली येईतो रॉबर्ट्सचा हात बेसला लागला होता. बिल म्युलरच्या फटक्यावर त्याने बरोबरीची धाव काढली, बाराव्या इनिंगमध्ये संघाने सामना जिंकला आणि त्याच मोसमात रेड सॉक्सने १९१८नंतरची पहिली वर्ल्ड सिरीज घेतली. साऱ्यांना माहीत असताना बेस चोरायची वेळ एक दिवस तुझ्यावर येईल, असं १९६२ साली १०४ बेस चोरणाऱ्या मॉरी विल्सने रॉबर्ट्सला आधीच बजावलं होतं.

आज रिव्हेराला तशा तीन फेकी सहज टाकता आल्या नसत्या. २०२३पासून एका फलंदाजासमोर पिचरला दोनदाच असं थांबता येतं. तिसऱ्यांदा फेकून धावणारा बाद झाला नाही तर त्याला पुढचा बेस फुकट. बेसही १५ इंचांचे १८ झाले. चोऱ्या एका वर्षात २,४८६ वरून ३,५०३ वर गेल्या. ही विद्या स्वस्त झाली, अशी कुरकुर ऐकू येते. मला ती पटत नाही. २०२५ मध्ये जॉश नेलरने ३० बेस चोरले. अंगाने जाडजूड, लीगमधल्या सर्वांत हळू धावणाऱ्यांत त्याची गणना. नियम सगळ्यांना सारखेच होते, आणि त्याच्यापेक्षा कितीतरी चपळ खेळाडू त्या आकड्याच्या खालीच राहिले. त्याच्या चोऱ्यांचे व्हिडिओ मी मुलांना दाखवतो, तेव्हा पडद्यावरचा नेलर हाताने झाकतो आणि फक्त पिचर बघायला सांगतो. नेलर केव्हा निघाला असेल, ते मुलांनी ओरडून सांगायचं.