आबाजींची दाढी आणि मोहगावचं पाणी

नागपूरहून छिंदवाड्याची बस धरली की सावनेरपर्यंत दुकानांच्या पाट्या मराठीत दिसतात. पुढे राज्याची हद्द ओलांडली की त्या हिंदी होतात, पण पाटीखाली बसलेला दुकानदार मराठीतच विचारतो, "काय पाहिजे भाऊ?" सौंसर-पांढुर्ण्याचा हा पट्टा असाच आहे. 1 नोव्हेंबर 1956 ला विदर्भ मुंबई राज्यात गेला, हा भाग मध्य प्रदेशातच राहिला आणि राजधानी नागपूरहून उठून भोपाळला गेली. संत्री, कापूस, पोळा आणि बोली मात्र जिथल्या तिथे राहिली. 2023 मध्ये पांढुर्णा हा वेगळा जिल्हा झाला आणि सौंसर तहसील त्यात आली.

या पाट्यांमध्ये मला सगळ्यात आवडते ती 'सेन सलून' ही. सेना न्हावी आपल्याकडे वारकरी संतांच्या मांदियाळीत मानले जातात. उत्तरेत तेच सेन भगत, रामानंदांचे शिष्य आणि बांधवगडच्या राजाचे न्हावी. त्यांचं एक पद शिखांच्या गुरू ग्रंथ साहिबातही आहे. दोन्ही भाषांनी आपला म्हणून धरून ठेवलेला हा संत या सीमेवर दुकानाच्या पाटीवर भेटतो, हे मला फार शोभून दिसतं.

सौंसरला उतरून मोहगावला जायचं. सर्पा नदीच्या काठचं अर्धनारीश्वराचं देऊळ ही गावाची ओळख, आणि तिथे रोज सकाळी जाणं ही माझ्या आईच्या वडिलांची, आबाजींची, ओळख. वय 86. गळ्यात तुळशीची माळ, डोक्यावर पांढरी टोपी आणि दर दोन दिवसांनी गुळगुळीत दाढी. गेली कित्येक वर्षं गावातले एकच न्हावीकाका धोकटी घेऊन घरी यायचे. पूर्वी वर्षाच्या ज्वारीवर, नंतर रोख पैशांवर. या उन्हाळ्यात त्यांनीच हात जोडले. मुलं नागपूरला गेली, तिकडे त्यांनी एसीचं दुकान टाकलं. यांना आता नीट दिसत नाही. "आबाजीच्या गयावर वस्तरा धरतो, तं माहाच हात थरथरते," म्हणाले.

आबाजी सलूनमध्ये जायला तयार नाहीत. दाढी वाढली म्हणून देवळात जायलाही तयार नाहीत. त्यांचे स्वतःचे हात कापतात. दहा दिवस ते ओसरीवरसुद्धा आले नाहीत, तेव्हा मामाचा मला फोन आला, "तू शहरात राहतोस, काहीतरी सामान पाठव."

मी पेशाने सॉफ्टवेअरवाला. आधी तक्ता केला. दाढीच्या ब्रशमध्ये मुळात चार जाती. डुकराच्या राठ केसांचा सर्वांत स्वस्त. तो वापरण्याआधी पाण्यात भिजवावा लागतो, आणि काही आठवडे वापरल्यावर केसांची टोकं फाटून मऊ होतात. बॅजर नावाच्या बिळात राहणाऱ्या प्राण्याच्या केसांचा ब्रश पाणी भरपूर धरतो, मऊ असतो आणि महाग असतो. घोड्याच्या केसांचा या दोहोंच्या मधला. चौथा कृत्रिम तंतूंचा. त्याचे तंतू पाणी पीत नाहीत, त्यामुळे भिजवण्याची भानगड नाही, थोड्या क्रीममध्ये फेस होतो आणि ब्रश लवकर वाळतो. हौशी लोक बॅजरच्या ब्रशसाठी हजारो रुपये मोजतात. मोजोत बापडे.

प्राण्यांच्या केसांचा एक जुना किस्सा इथे सांगण्यासारखा आहे. पहिल्या महायुद्धाच्या काळात बॅजरचे केस मिळेनात, म्हणून घोड्याच्या केसांचे ब्रश बाजारात आले. ते नीट निर्जंतुक न केल्यामुळे ब्रिटन-अमेरिकेत दाढी करणाऱ्यांना चक्क अँथ्रॅक्स झाला, आणि 1920 मध्ये ब्रिटनने जपानहून येणाऱ्या ब्रशांवर बंदी घातली. आजच्या चांगल्या ब्रशात ही भीती नाही. पण ब्रश ज्याचा त्याचा वेगळा असावा, हे तेव्हाही खरं होतं आणि आजही आहे. पात्याच्या बाबतीत तर ते दुप्पट खरं. हेपॅटायटिस बी दुसऱ्याच्या रक्त लागलेल्या पात्यातूनही पसरू शकतो.

तक्ता घेऊन मोहगावला पोचलो, आणि आबाजींनी एकाच प्रश्नात त्यातल्या तीन ओळी खोडल्या. "कायचे केस हायेत त्याचे?"

माळकरी माणसाच्या तोंडाला डुकराचे केस लावायचे नाहीत. घोड्याचे नकोत आणि त्या बिळातल्या जनावराचे तर नकोतच. मी विचारलं, इतकी वर्षं काकांच्या धोकटीत जो ब्रश होता, तो कशाचा होता? न्हावीकाका समोरच बसले होते. ते आबाजींकडे न बघता म्हणाले, "आता ते काहून इचारता बाप्पा." आबाजीही पुढे बोलले नाहीत. त्या विषयावर आजतागायत घरात शांतता आहे.

कृत्रिम तंतूंचा ब्रश सौंसरच्या जनरल स्टोअरमध्ये दोनशेच्या आत मिळाला. निवडताना काय पाहिलं ते सांगतो. तळहातावर दाबल्यावर टोकं टोचू नयेत. जुडग्याची जाडी वीस-बावीस मिलिमीटरच्या आसपास असावी. बसलेल्या गालांवर जाडजूड ब्रश फेस नाकात नेतो. आणि मूठ ओल्या हातातून निसटणार नाही अशी असावी.

खरी अडचण पाण्याची निघाली. मोहगावच्या घरचं बोअरवेलचं पाणी जड. अंघोळीच्या पातेल्याच्या तळाशी पांढरा थर धरतो, तो त्याचाच. जड पाण्यातलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम साबणाशी जुळून चिकट साका करतं, आणि तेवढा साबण फेसासाठी वाया जातो. मी शहरातून आणलेली साबणाची सुंदर गोल वडी तिथे हरली. फेस व्हायचा आणि गालावर पोचेपर्यंत बसायचा. दोन उपाय लागू पडले. एक, वडीऐवजी ट्यूबमधली साधी क्रीम. दोन, फेसापुरतं वाटीभर पाणी फिल्टरच्या कॅनमधलं. एका दाढीला वाटीभर पुरतं. कॅन नसेल तर पाणी उकळून, निवळून वरचं घ्यावं, त्यानेही जडपणा थोडा उतरतो.

रेझर दुधारी पात्याचा घेतला, पातं जेमतेम बाहेर डोकावतं असा सौम्य. महागडी तीन-चार पात्यांची काडतुसं नकोत, कारण ती गावात मिळतीलच असं नाही, आणि साधी पाती किराण्यातही मिळतात. सोबत तुरटीचा खडा. बारीक ओरखड्याचं रक्त ती थांबवते आणि नंतर गालही आवळतो. सगळं मिळून साडेपाचशे रुपये झाले. एक गोष्ट मात्र स्पष्ट सांगायला हवी. घरातलं वडीलधारं माणूस रक्त पातळ करण्याच्या गोळ्या घेत असेल, तर हा सगळा संच बाजूला ठेवून डॉक्टरांना विचारा, विजेचं यंत्र बरं. आबाजींना फक्त बीपीची गोळी आहे.

आता हात कुणाचा? मामाचा हात नांगराचा, जड. मी पहिल्या दिवशी केली, बरी झाली, पण मी चार दिवसांचा पाहुणा. मामीने सासऱ्यांच्या गालाला हात लावायचा हे ना तिला रुचलं, ना त्यांना. मग मामेबहीण पुढे आली. सौंसरच्या कॉलेजात शिकते, गावातल्या लग्नांत मेंदी काढते. "कोन धरता येते, तं हे काहून नाई येणार?" म्हणाली.

न्हावीकाकांनी तिला शिकवलं. ती सकाळ मी मोबाइलवर टिपून ठेवली आहे, कारण एवढी माहिती मला कुठल्याच तक्त्यात मिळाली नव्हती. आधी कोमट पाण्याचा टॉवेल, दोन मिनिटं. कवळी घालूनच दाढी करायची, नाहीतर गालाला आधार राहत नाही. ब्रश दाबायचा नाही, गोल फिरवायचा, केस उभे राहिले पाहिजेत. मग घाई न करता फेस मुरू द्यायचा. डाव्या हाताने कातडी ताणायची, ती कानाकडे, वरच्या दिशेने. रेझर त्याच्या वजनानेच खाली येऊ द्यायचा, बोटभर लांबीचे घास. म्हाताऱ्या कातडीवर उलटा हात मारायचाच नाही, थोडी खुंटं राहिली तर राहू दे. गळ्याशी आल्यावर काका म्हणाले, "आता आबाजीले बोलू नको देऊ. त्यायले इथंच गोष्ट आठवते." आबाजी हसले, आणि पोरीने लगेच रेझर उचलला. काका मान डोलावून म्हणाले, "शिकली."

शेवटी ब्रश धुऊन, झटकून, केस खाली करून खुंटीला टांगला. काकांनी आपली जुनी पितळी वाटी धोकटीतून काढून तिथेच ठेवली. मी पैसे विचारले तेव्हा त्यांनी ऐकू न आल्यासारखं केलं.

आबाजी टोपी घालून देवळात गेले. परत यायला त्यांना नेहमीपेक्षा तासभर जास्त लागला, कारण वाटेत थांबून प्रत्येकाला दाढी कुणी केली ते सांगायचं होतं.

परवा बहिणीचा फोन आला. क्रीमची ट्यूब संपत आली आहे, पाती अजून आहेत. आणि शेजारच्या दोन आजोबांनी विचारणा केली आहे. त्यांच्यासाठी दोन वेगळे ब्रश हवेत, टोकं न टोचणारे, आणि माळ त्यांच्याही गळ्यात आहे.