सम्राटाच्या घरातले बिऱ्हाडकरू

क्रोएशियाला जाणारा प्रवासी आधी दुब्रोव्हनिक गाठतो, तटबंदीवरून फिरतो, लाल कौलांचे फोटो काढतो आणि मोकळा होतो. दुब्रोव्हनिक देखणं आहे, वादच नाही. पण माझा जीव जडला तो स्प्लितवर. तिथला इतिहास घरच्या कपड्यांत भेटतो.

रोमन सम्राट डायोक्लेशियनने इ.स. ३०५मध्ये आपणहून सिंहासन सोडलं आणि इथे, एड्रियाटिक समुद्राच्या काठी बांधलेल्या राजवाड्यात तो येऊन राहिला. पुन्हा राज्य सांभाळा म्हणून गळ घालणाऱ्यांना त्याने आपल्या मळ्यातल्या कोबीचं कौतुक ऐकवलं, असं सांगतात. पुढे सातव्या शतकात शेजारचं सालोना शहर उद्ध्वस्त झालं आणि जीव मुठीत धरून निघालेली माणसं या भिंतींच्या आडोशाला आली. आली ती राहिलीच. दालनांत आडभिंती घातल्या, खांबांमध्ये खिडक्या बसवल्या, संसार थाटले. आजही रोमन दगडी भिंतींमध्ये दोरी ताणून पायजमे वाळत घातलेले दिसतात. आपल्याकडे एव्हाना पुरातत्त्व खात्याची निळी पाटी लागून पायजमेवाल्याला नोटीस गेली असती!

खरी गंमत तळघरात आहे. वरच्या बिऱ्हाडांनी शतकानुशतकं जमिनीला भोकं पाडून केरकचरा, सांडपाणी सगळं खाली सोडलं. तळघरं गच्च भरली. विसाव्या शतकात ती उपसली, तेव्हा आतल्या कमानी धडधाकट निघाल्या. सम्राटाचे वरचे महाल कधीच नाहीसे झाले होते. पण खालच्या भिंती वरच्या दालनांच्या आराखड्याबरहुकूम उभ्या, म्हणून वर काय होतं ते उमगलं. कुठल्या खात्याला जमलं नसतं ते उकिरड्याने केलं. मी एका भिंतीवर हात फिरवला. गार, खरखरीत चुनखडी.

आणि सम्राटाची समाधी? तिचं कॅथेड्रल झालं. त्याच्या राजवटीत मारल्या गेलेल्या बिशप दोम्नियसच्या नावाचं! सम्राटाची शवपेटी मात्र बेपत्ता आहे.

जुलै-ऑगस्टमध्ये इथे पाय ठेवायला जागा नसते आणि जुनी बिऱ्हाडंही पर्यटकांना भाड्याने जाऊ लागली आहेत. तेव्हा ऑक्टोबरात जावं. संध्याकाळी बाचवित्सेच्या वाळूच्या किनाऱ्यावर ‘पिचिगिन’ हा खेळ बघावा. घोट्याएवढ्या पाण्यात गोल करून उभं राहायचं, तळहाताने छोटा चेंडू उडवत ठेवायचा, पाण्यात पडू द्यायचा नाही. गुण कोणी मोजत नाही, तरी पोट सुटलेले गृहस्थही त्या चेंडूसाठी बिनदिक्कत सूर मारतात.