चाईचं श्रेय

चाई स्वतःला कधी दिसत नाही, दुसऱ्यालाच दिसते. माझी सासूबाईंना दिसली, न्हाण्याआधी डोक्याला तेल घालताना. कानामागे रुपयाएवढा गुळगुळीत चट्टा. खाज नाही, दुखणं नाही. "अगं, किडा लागलाय," आई म्हणाल्या, आणि दिवेलागणीपर्यंत सांगलीच्या आमच्या अख्ख्या वाड्याला ते कळलं.

मग उपचारांची रीघ लागली. लसूण चोळ, जास्वंदीचं तेल लाव. शेजारच्या काकू जमालगोटा उगाळून घेऊन आल्या. तो मी हळूच मोरीत ओतला. माहेरी चुलतभावाच्या टाळूवर त्याने उठलेले फोड मी पाहिले होते. कांद्याचा रस मात्र इमानेइतबारे लावला. उशी, ओढणी, ऑफिसातली खुर्ची, सगळ्याला भज्यांच्या गाडीचा वास. कांद्याला मी हसत नाही. बगदादच्या डॉक्टरांनी २००२ साली त्यावर एक छोटा अभ्यास प्रसिद्ध केला होता आणि त्यात गुण दिसला होता. पण एवढ्यावर भिस्त ठेवावी इतका तो मोठा नव्हता.

त्वचारोगाच्या डॉक्टरीणबाईंनी चट्ट्यावर भिंग धरून मला पडद्यावर दाखवलं. कडेला तुटके केस, टोकाला जाड आणि मुळाशी निमुळते. किडा नाही, बुरशीही नाही. शरीराची प्रतिकारशक्तीच केसांच्या मुळांवर उलटते, पण मुळं मरत नाहीत, म्हणून केस परत येऊ शकतात. त्यांनी माझी नखंही निरखली, खड्डे पडलेत का म्हणून, आणि थायरॉइडची तपासणी लिहून दिली.

उपचार म्हणजे ट्रायमसिनोलोन या स्टेरॉइडची इंजेक्शनं, थेट चट्ट्यात, थोड्या थोड्या अंतरावर, चार-सहा आठवड्यांनी एकदा. सुई इन्सुलिनची, बारीक. "मुंगी चावल्यासारखं वाटेल," बाई म्हणाल्या. मुंगी बरीच रागावलेली होती. एका जागी कातडी जरा खोलगट झाली, ती पुढे भरून आली.

घरी लावायला मिनॉक्सिडिल. हे मुळात रक्तदाबाचं औषध. गोळ्या घेणाऱ्यांच्या अंगावर केस वाढू लागले, तेव्हा त्याचं लोशन निघालं. टकलासाठी अमेरिकेत १९८८ साली त्याला मान्यता मिळाली. औषधाच्या दुकानात विचारलं, "साहेबांसाठी का?" मी "हो" म्हणून मोकळी झाले.

बॅरिसिटिनिबच्या गोळ्यांबद्दल वाचलं होतं. संधिवाताचं हे औषध तीव्र चाईसाठी अमेरिकेत २०२२ साली मान्य झालं. बाईंनी साफ नकार दिला. डोक्याचा मोठा भाग उघडा पडलेल्यांसाठी ते आहे. प्रतिकारशक्ती दबते, रक्ततपासण्या करत राहाव्या लागतात. रुपयाएवढ्या चट्ट्याला एवढी तोफ कशाला?

केस आले ते आधी पांढरे, लव असावी तसे. रंग नंतर चढला. मग श्रेयाची वाटणी सुरू झाली. आई कांद्याकडे बोट दाखवतात, नणंद तेलाकडे. बाई तेवढ्या श्रेय घ्यायला तयार नाहीत: लहान चट्टे पुष्कळदा वर्षभरात आपोआप भरतात, सुईने काम लवकर होतं इतकंच, आणि पुन्हा कुठे उमटणार नाहीत याची हमी कुणी देऊ नये.

काकू मात्र येईल-जाईल त्याला माझं डोकं दाखवतात आणि सांगतात, "जमालगोट्याने झालं."