झांकली मूठ

झांकली मूठ सव्वा लाखाची, ही म्हण आपल्याकडे शहाणपणाचा उपदेश म्हणून सांगितली जाते. घरांतलें उणें चारचौघांत दिसूं देऊं नये, एवढाच तिचा अर्थ आपण घेतों. परंतु मूठ केवळ बाहेरच्यांसाठींच झांकलेली असते असें नाहीं. पुष्कळदां ती घरांतल्या घरांतच झांकलेली असते. नवऱ्यानें बायकोपासून, आईनें मुलांपासून, मुलांनीं बापापासून. अशी मूठ वर्षानुवर्षें आवळून धरली म्हणजे हाताची काय अवस्था होते, हें ज्यांना पाहावयाचें असेल त्यांनीं विसाव्या शतकाच्या मध्यावरचीं अमेरिकन कौटुंबिक नाटकें अवश्य वाचावींत.

आमच्या डोळ्यांपुढें मुख्यतः तीन नाटकें आहेत. टेनेसी विल्यम्स यांचें ‘द ग्लास मिनॅजरी’ १९४४ च्या डिसेंबरांत शिकागो येथें प्रथम रंगभूमीवर आलें. आर्थर मिलर यांच्या ‘डेथ ऑफ अ सेल्समन’चा न्यूयॉर्कमधील पहिला प्रयोग १९४९ च्या फेब्रुवारींत झाला. यूजीन ओनील यांनीं ‘लाँग डेज जर्नी इंटू नाइट’ १९४१ सालींच पुरें केलें होतें. तथापि तें लोकांपुढें आलें १९५६ सालीं, म्हणजे नाटककाराच्या मृत्यूनंतर तीन वर्षांनीं. या नाटकांत राज्यें बुडत नाहींत कीं वारशासाठीं खून पडत नाहींत. सेंट लुईमधील एक तोकडें बिऱ्हाड, उंच इमारतींच्या कोंडींत सांपडलेलें ब्रुकलिनचें एक लहानसें घर आणि कनेक्टिकटच्या समुद्रकांठचा एक उन्हाळी बंगला, एवढीच यांची सृष्टि. तींत वावरणारीं माणसें तीन किंवा चार. विजेचें बिल, घराचे हप्ते, डॉक्टरची फी हे त्यांच्या चिंतेचे विषय.

या नाटकांतील प्रतीकांविषयीं टीकाकारांनीं विपुल लिहिलें आहे. आमच्या वर्गांतील हुशार विद्यार्थीसुद्धां कांच म्हणजे नाजूकपणा, धुकें म्हणजे विस्मृति, बियाणें म्हणजे आशा, अशी यादी तोंडपाठ करून येतात. ही यादी खोटी नव्हे. पण तिच्यावर विसंबणाऱ्यास नाटक हातीं लागत नाहीं. येथील वस्तूंना अर्थाची चिठ्ठी चिकटविलेली नसते. वस्तु कोणीं आणली, कोणाच्या हातून मोडली, कोणीं लपविली आणि कोणीं परत जागेवर ठेवली, यांतून अर्थ उत्पन्न होतो. एकमेकांशीं जें बोलवत नाहीं, तें हीं माणसें वस्तूंच्या द्वारें बोलत असतात.

विली लोमन हा साठी उलटलेला फिरता विक्रेता. त्याची पत्नी लिंडा फाटके मोजे शिवूं लागली कीं तो संतापतो. प्रथम वाचणाऱ्यास ही गरिबीची लाज वाटते. पुढें कळतें कीं, बॉस्टनच्या एका हॉटेलांत त्यानें नवे मोजे दुसऱ्याच एका स्त्रीस दिले होते, आणि थोरला मुलगा बिफ यानें तें डोळ्यांनीं पाहिलें होतें. तेव्हांपासून बापलेकांत कायमची अढी पडली आहे. लिंडाला मात्र तिचें कारण ठाऊक नाहीं. ती बिचारी मोजे शिवीत राहते आणि प्रत्येक टांका नवऱ्याच्या काळजांत जातो.

याहून दारुण आहे ती तळघरांतील रबराची नळी. गॅसनें जीव देतां यावा म्हणून विलीनें ती लपवून ठेवली आहे. लिंडाला ती सांपडते, हेतुहि कळतो. ती रोज नळी काढून घेते आणि तो घरीं परतण्यापूर्वीं पुन्हां होती तेथें ठेवते. नळी नाहींशी झालेली दिसली तर आपलें गुपित बायकोला कळलें हें त्याला समजेल, आणि त्याचा अपमान होईल! नवऱ्याचा प्राण आणि नवऱ्याचा मान, दोन्ही एकाच वेळीं राखण्याची ही धडपड पाहून आम्हांला दर वेळीं गहिंवरून येतें. हें प्रेम नव्हे असें कोण म्हणेल? पण तें पुरें पडत नाहीं, हेंहि तितकेंच खरें.

‘मिनॅजरी’मध्यें लॉरा ही लाजाळू, किंचित् लंगडणारी मुलगी कांचेचे प्राणी जमवून त्यांतच रमलेली असते. त्यांत एक एकशिंगी घोडा आहे. आईच्या आग्रहावरून भाऊ टॉम जिम नांवाच्या तरुणाला घरीं जेवावयास आणतो. जिम लॉराशीं नाचूं लागतो, धक्का लागतो आणि घोड्याचें शिंग मोडतें. नाजूकपणा एवढाच कांचेचा अर्थ असता तर लॉरानें तेथें कोसळावयास हवें होतें. ती उलट सांवरून म्हणते कीं, आतां हा इतर घोड्यांसारखा झाला. क्षणभर तिलाहि चारचौघींसारखें होतां येईल असें वाटतें. मग जिमचें लग्न ठरलेलें असल्याचें कळतें, आणि ती तोच मोडका घोडा त्याच्या हातीं ठेवते. त्याच रात्रीं ऐन भोजनप्रसंगीं दिवे जातात. कारण टॉमनें बिलाचे पैसे खलाशांच्या संघाची वर्गणी भरण्यांत खर्चिले आहेत. मुलगा घर सोडून जाणार, हें त्याच्या तोंडून निघण्यापूर्वींच घरांतल्या अंधारानें सांगून टाकलेलें असतें.

ओनील यांच्या नाटकांतहि दिव्यांचें असेंच आहे. जेम्स टायरोन हा नामवंत नट, पण दारिद्र्याच्या धास्तीनें दिवे मालवीत हिंडतो आणि क्षयी मुलासाठीं स्वस्तांतलें आरोग्यधाम शोधतो. याच कंजूषपणानें बाळंतपणांत स्वस्त डॉक्टर आणला गेला, आणि त्याच्या उपचारांतून पत्नी मेरीला मॉर्फीनचें व्यसन जडलें. ती पुन्हां त्या वाटेला लागली आहे हें १९१२ च्या त्या एका दिवसांत घरांतील प्रत्येकाला कळतें, आणि प्रत्येक जण आपण पाहिलें नाहीं असें दाखवूं पाहतो. मध्यरात्रीं मेरी आपला लग्नांतला पोशाख जमिनीवर ओढीत येते. टायरोन तो तिच्या हातून घेतो आणि अवघडलेल्या हातांनीं जपून धरून ठेवतो. त्या चिक्कू माणसाजवळ जपून ठेवण्याजोगें काय होतें, तें येथें प्रथमच दिसतें.

ही ओनील यांच्या स्वतःच्याच घराची कथा होती. म्हणूनच मृत्यूनंतर पंचवीस वर्षेंपर्यंत ती प्रसिद्ध करूं नये अशी त्यांची इच्छा होती. त्यांच्या पत्नीनें ती मुदत पाळली नाहीं. घरचे धिंडवडे चव्हाट्यावर आणले, असें येथें कोणी म्हणेल. आम्हांला तसें वाटत नाहीं. चौघांपैकीं एकालाहि नाटककारानें आरोपीच्या पिंजऱ्यांत उभें केलेलें नाहीं. ज्याचा दोष दाखविला त्याचें दुःखहि सांगितलें. खुद्द टायरोन लहानपणीं कोणत्या दारिद्र्यांतून आला, हें ऐकल्यावर त्याच्या दिव्यांवर हंसणें कठिण जातें.

मग मूठ उघडावी कीं न उघडावी? मिलर यांनीं हा प्रश्न सोपा करून टाकला नाहीं. शेवटीं बिफ तीच नळी आणून बापापुढें मेजावर ठेवतो. लिंडानें इतके दिवस जें झांकलें तें तो उघडें करतो, आपण सामान्य माणसें आहोंत हें ओरडून सांगतो, आणि सांगतां सांगतां बापाला धरून रडूं लागतो. मुलाचें आपल्यावर प्रेम आहे हें विलीला तेव्हां प्रथम उमगतें. त्या आनंदाच्या भरांतच, मुलाला विम्याचे वीस हजार डॉलर मिळावेत म्हणून, तो मोटार घेऊन मरावयास जातो. सत्य सांगितल्यानें विली वांचला नाहीं. परंतु न सांगतां तो मेला असता तर मुलगा आपला द्वेष करतो असेंच समजून मेला असता. दोन्हींत अंतर आहे, आणि आमच्या मतें तें फार मोठें आहे. थडग्यापाशीं लिंडा सांगते कीं, घराचा शेवटचा हप्ता आजच फेडला. घर अखेर त्यांचें झालें, आणि त्यांत राहावयास आतां कोणी उरलें नाहीं.