तोलातील तूट

इतवारीच्या किराणा बाजारात पिढीजात पेढी चालवणाऱ्या एका पन्नाशीच्या गृहस्थांना थोरल्या बहिणीने आपले मूत्रपिंड दिले. परका अवयव शरीराने झिडकारू नये म्हणून त्यांना रोज ठरलेल्या वेळी गोळ्या घ्याव्या लागतात. या गोळ्या प्रतिकारशक्ती मुद्दाम मंद ठेवतात. बहिणीचे दान त्यांच्यामुळेच टिकते. मात्र लसीला प्रतिसाद देणाऱ्या पेशीही त्यांच्यामुळेच सुस्तावतात.

२०२१ च्या एप्रिलमध्ये नागपूर दुसऱ्या लाटेत होरपळत असताना त्यांनी कोरोना लसीचा पहिला डोस घेतला, जुलैमध्ये दुसरा. प्रमाणपत्र हाती येताच मुलगा म्हणाला, "बाबा, आता पेढीवर बसायला हरकत नाही." डॉक्टरांनी मात्र थांबवले. अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्सच्या संशोधकांनी ६५८ प्रत्यारोपित रुग्ण तपासले, तेव्हा दोन डोसांनंतरही ४६ टक्के रुग्णांच्या रक्तात प्रतिपिंडे आढळली नव्हती. तेथील लस वेगळी होती. गोळ्यांचा परिणाम मात्र सारखाच.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये अमेरिकेने अशा रुग्णांसाठी तिसऱ्या डोसला मान्यता दिली. ऑक्टोबरमध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञांनीही तोच सल्ला दिला. आपल्याकडे १० जानेवारी २०२२ पासून दक्षता डोस सुरू झाला, तो आरोग्य कर्मचारी, आघाडीवरील कर्मचारी आणि साठीपुढील व्याधीग्रस्तांसाठी. पन्नाशीचे हे गृहस्थ त्यात बसत नव्हते. १० एप्रिलला खाजगी केंद्रांवर अठरा वर्षांवरील सर्वांना, दुसऱ्या डोसला नऊ महिने झाले असल्यास, तो खुला झाला. तेव्हा कुठे त्यांची पाळी आली.

मधले नऊ महिने त्यांनी माडीवर बसून खतावणी सांभाळली. पर्युषणात मंदिराची पायरी चढता आली नाही. राखीपौर्णिमेला, जिने आपल्या देहाचा भाग दिला, त्या बहिणीने उंबऱ्याबाहेरूनच ओवाळले.

या डोसाला लोक 'जादा' म्हणतात. व्यापाऱ्याला यातील फरक सहज उमगावा. पुऱ्या तोलावर मूठभर अधिक घालणे वेगळे आणि कमी भरलेला तोल पुरा करणे वेगळे. दुर्बल प्रतिकारशक्तीच्या माणसाला तिसरा डोस देणे म्हणजे राहिलेली तूट भरून काढणे होय. वैद्यकाला हे नवे नाही. डायलिसिसवरील रुग्णांना हिपॅटायटिस-बीची लस दुप्पट मात्रेत आणि तीनऐवजी चार वेळा दिली जाते. नंतर रक्त तपासून संरक्षण आले की नाही, तेही पाहिले जाते.

ज्या घरात प्रत्यारोपण, कर्करोगाचे उपचार किंवा डायलिसिस चालू आहे, तेथे प्रमाणपत्रावरील आकड्यावर विसंबू नये. कोणती लस, किती वेळा आणि केव्हा, हे उपचार करणाऱ्या डॉक्टरांनाच विचारावे; काही जिवंत लसी अशा रुग्णांना वर्ज्यही असतात. घरातील इतरांनीही आपल्या लसी वेळेवर घ्याव्यात. ज्याचे शरीर स्वतःचे रक्षण पुरते करू शकत नाही, त्याच्याभोवतीचे पहिले कवच म्हणजे त्याचे कुटुंब.